पाणी समितीवर नव्याने आलात? आधी शेवटच्या नळाखाली बादली ठेवा

ग्रामसभेत नाव सुचवलं जातं, दोघं अनुमोदन देतात आणि तुम्ही ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर येता. आठवड्याभरात पंपघराची किल्ली, थकलेलं वीजबिल आणि "आमच्या आळीला पाणी येत नाही" ही तक्रार, तिन्ही एकदम दारात उभी राहतात. पुढे काय करायचं हे कोणी नीट सांगत नाही. हा लेख त्यासाठी आहे.

गृहीत धरलेली योजना छोटी आणि स्वतंत्र आहे: एक विहीर किंवा बोअर, एक पंप, एक उंच टाकी, खाली पाइपलाइन आणि घरोघरी नळ. उदाहरणाचं गाव सगळीकडे एकच ठेवलं आहे, १,२०० लोकवस्ती आणि २४० घरं. तुमच्या गावाचे आकडे घालून तीच गणितं करा.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून घ्या. योजना चालते की नाही हे टाकी भरली का यावरून ओळखू नका. ते शेवटच्या वस्तीतल्या शेवटच्या नळावर कळतं. तो नळ बहुतेक गावांत गावकुसाबाहेरच्या वस्तीत, पाड्यावर, तांड्यावर किंवा धनगरवाड्यात असतो. पुढची प्रत्येक पायरी त्या नळाशी जाऊन मिळते.

१. पहिल्या पंधरवड्यात कागद गोळा करा

मागच्या समितीकडून, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागातून हे मिळवा:

- योजनेचं अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मंजुरी
- प्रत्यक्ष टाकलेल्या पाइपलाइनचा नकाशा, व्यास आणि लांबीसह
- मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि पाइपलाइनच्या दाब चाचणीचा अहवाल
- योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित केल्याचं पत्र
- विहीर, पंपघर आणि टाकीच्या जागेचं बक्षीसपत्र आणि त्या गटाचा आजचा सातबारा
- वीजजोडणीचा ग्राहक क्रमांक आणि मागची बारा बिलं
- पंप, मोटर आणि स्टार्टरची वॉरंटी कार्डं
- पाणी तपासणीचे जुने अहवाल
- नळजोडण्यांची यादी आणि पाणीपट्टीची थकबाकी
- समितीच्या बँक खात्याचं पासबुक आणि सह्या कोणाच्या चालतात त्याचा ठराव

यात सर्वांत धोक्याचा कागद म्हणजे जागेचा. विहिरीसाठी जमीन देणाऱ्याने शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलेलं असतं, पण फेरफार झालेला नसतो. सातबारावर नाव त्याचंच राहतं. तो असेपर्यंत अडचण येत नाही. पुढची पिढी वाटणी मागते, जमीन विकली जाते, आणि भर एप्रिलमध्ये पंपघराला दुसऱ्याचं कुलूप लागतं. म्हणून सातबारा स्वतः काढून बघा. ग्रामपंचायतीचं नाव लागलेलं नसेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि फेरफार ही समितीची पहिली दोन कामं समजा. देणारा हयात आहे तोवर हे सोपं असतं.

हस्तांतरणाच्या पत्रावर सही व्हायची असेल तर घाई करू नका. आधी खालच्या २ ते ४ क्रमांकांतल्या चाचण्या घ्या. सही झाल्यावर ठेकेदाराची राहिलेली कामं गावाच्या गळ्यात पडतात.

जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे समिती १० ते १५ जणांची असते आणि त्यात निम्म्या महिला असतात. नावं कागदावर असतात, पण बैठक रात्री नऊला पारावर ठेवली तर बायका येणार कशा? बैठक दुपारी ठेवा. कोणत्या आळीत किती वाजता पाणी येतं आणि किती मिनिटांत जातं हे त्यांनाच मिनिटामिनिटाने ठाऊक असतं.

२. गरज किती आणि मिळतं किती, हे मोजा

साधनं: दहा लिटरची बादली, घड्याळ असलेला मोबाईल, २०० लिटरचं पिंप, ३० मीटरची टेप, सुतळी, वही.

जल जीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे.

१,२०० × ५५ = ६६,००० लिटर

हे नळातून बाहेर पडायला हवं. वाटेत १५ टक्के गळती धरली तर टाकीत रोज सुमारे ७८,००० लिटर चढवावे लागतात. या ५५ लिटरांत जनावरांचं पाणी नाही. एक म्हैस उन्हाळ्यात दिवसाला ४० ते ६० लिटर सहज पिते. जनावरं जास्त असतील तर हौदाची सोय वेगळी करा, नाहीतर गोठ्यातलं पाणी कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून वजा होतं.

लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून घेऊ नका, घरं मोजा. नमुना ८ वर (ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत) नोंद नसलेली घरं, गायरानावरची घरं, वीटभट्टीवरची कुटुंबं हीसुद्धा पाणी पितात. यादीत नसलेलं घर आराखड्यात येत नाही, आणि आराखड्यात नसलेल्या घरापर्यंत पाइप जात नाही. सगळ्यांत गरीब कुटुंबं सुटतात ती इथेच.

आता बादली घ्या. पाणी सुटल्यावर दहा मिनिटांनी टाकीजवळच्या पहिल्या घरी आणि सगळ्यात लांबच्या घरी बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. समजा पाळी ४० मिनिटांची आहे.

- पहिला नळ: बादली ४० सेकंदांत भरली. मिनिटाला १५ लिटर, पाळीत ६०० लिटर.
- शेवटचा नळ: बादलीला अडीच मिनिटं लागली. मिनिटाला ४ लिटर, पाळीत १६० लिटर. त्यातही पाणी पोचायला दहा मिनिटं गेली असतील तर १२० लिटर.

पाच माणसांच्या घराला २७५ लिटर लागतात. म्हणजे टाकी तीच, पाणीपट्टी तीच, पण एका घरी गरजेच्या दुप्पट आणि दुसऱ्या घरी निम्म्याहून कमी. ही दोन घरं आणि मधली चार अशी सहा घरांची मोजणी ग्रामसभेत फळ्यावर लिहा. "पाणी कमी येतं" या वाक्यावर वाद घालता येतो, अडीच मिनिटांवर येत नाही.

३. उद्भव (पाण्याचा स्रोत) तपासा, आणि तो उन्हाळ्यातच तपासा

विहिरीला पाणी किती हे जानेवारीत बघून उपयोग नाही. एप्रिल-मेमध्ये उपसा चाचणी घ्या. सुतळीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा, पंप चालवून ती मीटर-दीड मीटर खाली आणा, पंप बंद करा आणि पाणी परत चढायला किती वेळ लागतो ते लिहा.

विहिरीचा व्यास ६ मीटर असेल तर एक मीटर पाणी म्हणजे:

३.१४ × ३ × ३ × १ = सुमारे २८ घनमीटर = २८,००० लिटर

एक मीटर चढायला ६ तास लागले तर तासाला साधारण ४,७०० लिटर झरा आहे. चोवीस तासांनी गुणलं की १,१२,००० येतात, पण त्या आकड्यावर विसंबू नका. पातळी वर येते तसा झऱ्याचा वेग कमी होतो. निम्म्या-पाऊण हिशोबाने धरा.

बोअर असेल तर पिंपाची चाचणी पुरते. पंप सलग दोन तास चालल्यावर २०० लिटरचं पिंप ७५ सेकंदांत भरलं तर तासाला ९,६०० लिटर. उदाहरणाच्या गावाला आठ तासांहून थोडं जास्त पंपिंग लागेल. पहिल्या पाच मिनिटांचा आकडा घेऊ नका, तेव्हा बोअरच्या केसिंग पाइपमध्ये साठलेलंच पाणी येत असतं.

उद्भवाच्या भोवती काय चाललंय याकडे लक्ष ठेवा. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या भूजल कायद्याने निर्बंध आणले, पुढे महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ आला. शेजारच्या शेतात बोअरची गाडी उभी राहिली की त्याच दिवशी तहसीलदारांकडे लेखी कळवा. बोअर पडल्यावर भांडण उरतं, पाणी उरत नाही. स्रोत कमी पडत असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला ग्रामपंचायतीच्या पत्राने सर्वेक्षण मागा. नारळ किंवा डहाळी फिरवून पाणी सांगणाऱ्याच्या भरवशावर सार्वजनिक पैशाने बोअर घेऊ नका.

४. गळती टाकीपासून खाली शोधत जा

गळती रस्त्यावर दिसेल या भरवशावर राहू नका. मुरमाड आणि खडकाळ जमिनीत पाणी वर न येता खाली जातं. त्यासाठी टाकीतला फरक मोजायचा.

टाकीचा आतला व्यास ५ मीटर असेल तर पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे जवळपास २०० लिटर गेले.

पहिली रात्र: टाकी भरा, बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करा, रात्री दहा ते पहाटे चार पातळी बघा. इथेच उतरली तर टाकी गळते आहे किंवा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही.

दुसरी रात्र: बाहेरचा व्हॉल्व्ह उघडा, वस्त्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवा. आता उतरली तर दोष मधल्या मोठ्या लाइनमध्ये आहे.

पुढच्या रात्री एकेक वस्तीचा व्हॉल्व्ह उघडा. त्याआधी त्या वस्तीतल्या प्रत्येक नळाला तोटी हवी. तोटी नसलेले नळ ही स्वतःच एक मोठी गळती असते. स्वस्तातली प्लास्टिकची तोटी दोन महिन्यांत तुटते, पितळी घ्या.

आता काही सापळे, जे जवळपास प्रत्येक गावात दिसतात.

*पंपाकडून टाकीकडे जाणाऱ्या लाइनवर जोडण्या.* या लाइनवर शेताजवळच्या दोन-तीन घरांनी किंवा गोठ्यांनी नळ घेतलेले असतात. त्यांना पंप चालू असेपर्यंत जोराचं आणि औषध न घातलेलं पाणी मिळतं, बाकी गावाची टाकी भरायला तास-दीड तास जास्त लागतो. या जोडण्या वितरण लाइनवर हलवा.

*नळाला मोटर.* तोटीला छोटी मोटर लावली की पाइपमध्ये ओढ निर्माण होते. शेजाऱ्याचं पाणी तर जातंच, पण पाइपला कुठे चीर असेल तर तिथून गटाराचं पाणी आत येतं. पावसाळ्यात जुलाबाची साथ अशाच चिरांतून सुरू होते. पाळीच्या वेळी त्या आळीची वीज अर्धा तास बंद ठेवण्याचा उपाय काही गावं करतात. त्यापेक्षा प्रत्येक जोडणीला फेरूल (प्रवाह मर्यादित ठेवणारा छोटा जोड) बसवून सगळ्यांचा प्रवाह सारखा करणं टिकतं.

*खड्ड्यातला नळ.* दाब कमी म्हणून लोक अंगणात दोन-तीन फूट खणून नळ खाली घेतात. खड्ड्यात सांडपाणी साठतं, पाणी गेल्यावर तेच पाइपात परत शिरतं. खड्डा दिसला तर दंड नंतर, आधी तिथे दाब का नाही ते शोधा.

*उथळ पाइप.* पाइपवर ९० सेंटिमीटर माती हवी. ठेकेदार खडक लागला की फूटभरावर आटोपतो आणि पहिल्याच ट्रॅक्टरला पाइप फुटतो. खडकात एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपखाली मऊ मातीचा थर लागतो. हे सगळं चर बुजवण्याआधीच दिसतं, म्हणून काम चालू असताना समितीतला एकजण टेप घेऊन उभा पाहिजे. पाइप गटारापासून शक्यतो तीन मीटर दूर जावा. ओलांडावंच लागलं तर गटाराच्या वरून न्या, खालून कधीच नको.

*एअर व्हॉल्व्ह नसणं.* चढावरच्या वस्तीत पाणी धापा टाकत येतं किंवा येतच नाही, तेव्हा पाइपात हवा अडकलेली असते. सगळ्या उंच जागी एअर व्हॉल्व्ह आणि सगळ्या खोलगट जागी गाळ सोडायचा वॉशआउट लागतो. खर्च थोडा आहे, आणि कित्येक "कोरड्या" वस्त्या एवढ्यावर ओल्या होतात.

५. पाळ्या पुन्हा बांधा

मोजणी हातात आली की पाळी मिनिटांत सगळ्यांना सारखी देऊ नका. लिटर सारखे पडतील अशी द्या. शेवटच्या वस्तीत मिनिटाला ४ लिटर येत असतील तर तिथे २७५ लिटरांना ७० मिनिटं लागतील. मिनिटाला १५ लिटर येणाऱ्या आळीला २० मिनिटं पुरतात.

लांबच्या आणि उंचावरच्या वस्तीला टाकी पूर्ण भरलेली असताना, म्हणजे पहिल्या पाळीत पाणी सोडा. पातळी उतरली की दाबही उतरतो. बहुतेक गावांत क्रम नेमका उलटा असतो: आधी गावठाण, मग उरलं तर वस्ती. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. शंभर वर्षं होत आली तरी व्हॉल्व्हच्या क्रमात ती उतरंड टिकून असेल, तर ती मोडणं समितीच्या हातात आहे. त्याला निधीही लागत नाही.

पाळीचं वेळापत्रक प्रत्येक वस्तीत रंगवून लावा. मजुरीला जाणाऱ्या घरांची पाळी सकाळी अकराला ठेवली तर एक माणूस घरी राहतो आणि एक दिवसाचा रोज बुडतो. पहाटे किंवा संध्याकाळीच द्या.

पाणी सोडणाऱ्या माणसावर सगळी योजना उभी असते. त्याचा पगार दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला गेला पाहिजे. सहा-सहा महिने पगार थकवून त्याच्याकडून पहाटे चारला व्हॉल्व्हची अपेक्षा करणं अन्याय आहे, आणि मग तो चार घरांचं ऐकून पाळी वाढवतो यात नवल नाही.

६. टीसीएल (ब्लीचिंग पावडर): रोज, मोजून, विरघळवून

योजनेतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित काम हेच आहे. पावडर चांगली असेल तर तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नका. तपासणीसाठी तिचा नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत प्रयोगशाळेत जातो.

प्रमाण: १,००० लिटरला ५ ग्रॅम.

५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. विहिरीत टाकायची असेल तर व्यास ६ मीटर आणि पाणी ३ मीटर खोल असताना सुमारे ८५,००० लिटर होतात, म्हणून ४२५ ग्रॅम. किराणा दुकानातला छोटा वजनकाटा पंपघरात ठेवा. "दोन ओंजळी" हे माप नव्हे.

कृती:

1. प्लास्टिकच्या बादलीत पावडर घ्या. लोखंडी बादली गंजते. नाकातोंडाला फडकं आणि हातात मोजे हवेत.
2. थोडं पाणी घालून गुठळ्या मोडा, लापशीसारखं होऊ द्या, मग बादली भरून ढवळा.
3. अर्धा तास ठेवा. चुना तळाशी बसेल.
4. वरची निवळी टाकीत ओता, शक्यतो टाकी भरत असताना, म्हणजे ती आपोआप मिसळते. तळाचा चुना टाकीत घालू नका, तो व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.
5. टाकी भरल्यावर किमान अर्धा तास थांबून मगच पाणी सोडा.

इथली नेहमीची चूक अशी: टाकी ५०,००० लिटरची, रोजचं पाणी ७८,००० लिटर. म्हणजे टाकी दिवसातून दोनदा भरते, पण टीसीएल पडतं ते सकाळी एकदाच. दुसऱ्या भरणीचं पाणी औषधाशिवाय जातं, आणि ते ज्या वस्तीला जातं तिथेच पोरं आजारी पडतात. दर भरणीला, भरलेल्या लिटरांच्या हिशोबाने टाका.

पावडर हवाबंद डब्यात, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी, लाकडी फळीवर ठेवा. स्टार्टरच्या खोलीत नको, तिच्या वाफेने तांब्याचे संपर्क खराब होतात. वर्षभराचा साठा एकदम घेऊ नका, ताकद महिन्या-महिन्याने उतरत जाते.

पाण्यात क्लोरीन उरला की नाही याची खात्री ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टने करायची. परीक्षानळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, किटवर सांगितलेले थेंब टाका, दहा सेकंदांच्या आत पिवळा रंग पट्टीशी जुळवा. उशिरा बघितलं तर रंग गडद होतो आणि आकडा फसवा येतो. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. हे द्रावण हाताला लागू देऊ नका, आणि तपासलेलं पाणी पिण्याच्या भांड्याजवळ ओतू नका.

टाकीजवळ रंग येतो, शेवटी येत नाही, तर? लगेच डोस वाढवू नका. मधल्या नळांवर टेस्ट घेत जा. ज्या दोन नळांमध्ये रंग अचानक जातो, तिथे बहुधा घाण पाणी शिरतंय. तिथे खणा.

टाकी तीन महिन्यांतून एकदा धुवा आणि तारीख टाकीवर रंगवा. आत उतरण्याआधी झाकण उघडून हवा खेळू द्या, एकट्याला कधीही उतरवू नका, दोर बांधलेला आणि बाहेर दोघं उभे हवेत.

७. नमुने पाठवा आणि अहवाल वाचा

जंतू तपासणी वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा. जंतू तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या. ती विसळायची नाही, आतला पांढरा पदार्थ मुद्दाम घातलेला असतो. नळाचं तोंड पुसा, दोन मिनिटं पाणी वाहू द्या, बाटली भरा, थंड ठेवा आणि २४ तासांच्या आत पोचवा.

अहवालात चार ओळी आधी बघा (ई-कोलाय सोडून बाकी आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये). ई-कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) १०० मिलिलिटरमध्ये शून्य हवेत. नायट्रेट ४५ च्या आत. फ्लोराइड १ पर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. एकूण विरघळलेले क्षार ५०० पर्यंत चांगले, पर्याय नसेल तर २,००० पर्यंत.

टीसीएलने जंतू मरतात. फ्लोराइड, नायट्रेट आणि क्षार जात नाहीत. पाणी उकळल्यानेही जात नाहीत, उलट पाणी आटून थोडे वाढतात. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही भागांतलं फ्लोराइड, किंवा अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं क्षाराचं पाणी, यावर टीसीएलसारखं सोपं औषध नाही. तिथे दुसरा स्रोत शोधावा लागतो. नायट्रेट जास्त असेल तर तान्ह्या बाळाला वरचं दूध त्या पाण्यात करून देऊ नका, ही सूचना आशाताईंमार्फत घरोघर त्याच दिवशी पोचवा.

आरोग्य विभाग सर्वेक्षण करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. लाल कार्ड मिळालं तर लपवू नका, सोबतचे शेरे मागा. कामाची यादी तीच असते.

८. पंपाची वही

रोज चार आकडे: चालू-बंद वेळ, व्होल्टेज, अँपियर, वीजमीटरचं वाचन. तीन फेजच्या ५ एचपी मोटरला पूर्ण भारावर साधारण ७.५ अँपियर लागतात. अँपियर एकदम खूप उतरले तर विहिरीचं पाणी खाली गेलंय आणि पंप हवा ओढतोय, लगेच बंद करा. अँपियर वाढले तर व्होल्टेज कमी, बेअरिंग खराब किंवा पंप जाम. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं यंत्र) आणि कोरडं चालणं थांबवणारं संरक्षण नसेल तर या महिन्यातच बसवा. मोटर भरून आणायच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

टाकी भरायला जास्त वेळ लागू लागला तर विहिरीवर पिंप भरून बघा. पिंप पूर्वीच्याच वेळात भरलं तर दोष टाकीकडच्या लाइनमध्ये आहे. पिंपालाच वेळ लागला तर पंपात, उभ्या पाइपात किंवा विहिरीत. एवढ्या चाचणीने मेकॅनिकचा फुकटचा फेरा वाचतो.

पंपघरात सुटे भाग: प्रत्येक व्यासाचे दोन-दोन जॉइंट, फेरूल, सॅडल, टेफलॉन टेप, व्हॉल्व्हच्या ग्लँडची दोरी, स्टार्टरची रिले. दुसरा पंप जोडून तयार असावा, गोदामात पडून नको.

९. पाणीपट्टी उघड्यावर ठरवा

खर्च फळ्यावर मांडा. आकडे फक्त नमुन्यादाखल:

- वीज: तासाला ४ युनिट, रोज ८ तास, महिन्याला ९६० युनिट. युनिटला ७ रुपये धरले तर ६,७२०
- पाणी सोडणाऱ्याचा पगार: ५,०००
- टीसीएल सुमारे १२ किलो: ६००
- दुरुस्ती: ३,०००
- पुढे पंप बदलण्यासाठी बाजूला: ३,०००

बेरीज १८,३२०. भागिले २४० घरं, म्हणजे घरटी ७६ रुपये. पण वसुली पाऊणच होत असेल तर १८० घरांवर १०२ रुपये पडतात. भरणारी घरं न भरणाऱ्यांचा भार उचलतात हे या दोन आकड्यांतून सगळ्यांना कळतं. थकबाकीदारांची यादी वाचायची तर मोठ्या घरांपासून वाचा. सर्वांत जुनी थकबाकी बहुधा तिथेच सापडते.

गरीब कुटुंबांना वर्षाची पट्टी एकदम मागू नका. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल मिळाल्यावर भरू शकतात, आणि गावात नसलेल्या महिन्यांची पट्टी त्यांच्याकडून घेऊ नये. सगळ्या आळीचा व्हॉल्व्ह बंद करून वसुली करण्याचा मार्ग वापरू नका. भरणाऱ्यालाही शिक्षा होते आणि लोक जुन्या डबक्याकडे वळतात.

वीजजोडणी सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या दरवर्गात आहे ना, ते बिलावर तपासा. चुकून व्यापारी दर लागलेला असेल तर अर्ज करून बदलून घ्या. वित्त आयोगाच्या निधीतला पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला भाग देखभालीला वापरता येतो. त्याची मागणी ग्रामपंचायतीचा विकास आराखडा बनतानाच लेखी द्यावी लागते, मार्चमध्ये नव्हे.

१०. टंचाईची तयारी जानेवारीत

विहिरीची पातळी दर पंधरा दिवसांनी लिहीत असाल तर कमी कधी पडणार हे तीन महिने आधी दिसतं. तेव्हाच पाळ्या एक दिवसाआड करा आणि विहीर अधिग्रहण किंवा टँकरचा प्रस्ताव ग्रामपंचायतीच्या ठरावासह पंचायत समितीकडे द्या. पाण्याची टाकी, सिमेंटचे हौद आणि गळके व्हॉल्व्ह याच काळात दुरुस्त होतात.

टँकर आलाच तर तो उघड्या विहिरीत ओतू देऊ नका. भांडी घेऊन कठड्यावर गर्दी होते, पाय घसरतो, आणि अर्धं पाणी गाळात मिसळतं. वस्तीत दोन-तीन प्लास्टिकच्या टाक्या चौथऱ्यावर बसवून खाली तोट्या लावा, टँकर त्यातच भरून घ्या. टँकरच्या पाण्यालाही १,००० लिटरला ५ ग्रॅम हेच प्रमाण लागू आहे, आणि ओटी टेस्ट टाक्यांच्या तोटीवरच घ्यायची. लॉगबुकवर सही वस्तीतल्या बाईची घ्या, टँकर रिकामा झाल्यावर.